लांबून निवडलेला आवाज

मार्च सरत आला की माझं डोकं फिरायला लागतं. नवरा म्हणतो, उन्हाचं आहे, कोकम सरबत पी. शाळेतल्या मैत्रिणी म्हणतात, पेपर तपासून तपासून असं होतं. खरं कारण मांडवाचं आहे. मुरबाडच्या आमच्या घरामागे एक मोकळं मैदान आहे. तिथे मांडवाचे बांबू येऊन पडतात, कुणीतरी माइकमध्ये फुंकर मारतो, 'हॅलो, हॅलो, चेक' म्हणतो आणि स्पीकर शिट्टी मारतो. ती शिट्टी ऐकली की मी खिडकी लावून घेते. जोरात लावते. एकदा काच तडकली आहे.

या दिवसांत शेतांवर राब भाजतात. पालापाचोळा, शेण, वाळल्या फांद्या एकावर एक रचून पेटवतात, आणि सगळ्या तालुक्यावर एक निळसर धूर पसरून राहतो. मोहाची फुलं पडलेली असतात, त्यांचा गोडसर वास धुरात मिसळतो. भातशेतं उघडी पडलेली, भेगाळलेली, पायाखाली कापलेल्या भाताचे सड टोचणारे. कुणाला यात कविता दिसते. मला माझ्या पायांच्या पोटऱ्या दिसतात, सडांनी ओरखडलेल्या. एका उन्हाळ्यात त्या इतक्या ओरखडल्या होत्या की आई संध्याकाळी खोबरेल तेल घेऊन बसायची आणि म्हणायची, "इतकी कशाला धावतंस गो? आवाज काय पळून जातोय?"

आमच्या घरात उन्हाळा असा शब्दच नव्हता. सीझन म्हणायचे. चौदा एप्रिलच्या जयंतीला सुरू व्हायचा आणि मृग लागला की संपायचा. मध्ये लग्नं, हळदी, नामकरणं, बुद्धपौर्णिमा. माझ्या दादाची गायन पार्टी होती, शहापूर तालुक्यातल्या आमच्या गावची. ढोलकी, बँजो, झांज, दोन गाणारे आणि एक गिटार. गिटार असलेली पार्टी त्या काळी आमच्या भागात अप्रूपाची. लोक गाणं ऐकायला येत तसे ती गिटार बघायलाही येत. ती दादाच्या गळ्यात असायची. आता मी बेचाळीस वर्षांची आहे, शाळेत विज्ञान शिकवते, आणि एवढं एक वाक्य लिहितानाही माझे दात आवळले जातात.

हे लिहायला बसायचं कारण यंदा घडलं. शाळेत पी.टी.चे सर आहेत, त्यांना संगीताचं वेड. मधल्या सुटीत ते फोन घेऊन माझ्यासमोर आले. "मॅडम, हे तुमचे बंधू ना? काय कान आहे हो माणसाचा!" ठाण्याचा कुणी एक चष्मेवाला गिटारिस्ट गावोगाव फिरून गिटार वाजवणाऱ्यांना एकच प्रश्न विचारत होता: तुमचा आवडता ट्यूब अ‍ॅम्प कुठला, आणि तो तुम्ही कसा निवडला? ट्यूब अ‍ॅम्प म्हणजे काचेच्या वॉल्व्हवर चालणारं, गिटारचा आवाज मोठा करणारं जुनं यंत्र; आमच्याकडे त्याला नुसतं मशीन म्हणायचे. शहरातली मंडळी आपापल्या गाद्यागिर्द्यांच्या खोल्यांतून उत्तरं देत होती. कुणाला परदेशी अ‍ॅम्प आवडत होता, कुणाला आजोबांच्या रेडिओतून बनवून घेतलेला. आणि मग दादा. मिशा पांढऱ्या, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी ठेवणीतलं. म्हणाला, "वॉल्व्हचा अ‍ॅम्प जवळून निवडायचा नसतो. जवळून सगळेच गोड वाटतात. आम्ही मशीन शेताच्या कडेला ठेवायचो. मी बांधाबांधाने लांब जायचो आणि तिथून ऐकायचो."

मी जायचो म्हणे. मी.

सर म्हणाले, "केवढं शास्त्रशुद्ध!" मी डबा बंद केला आणि पुढच्या तासाला सातवीच्या वर्गावर विनाकारण ओरडले. मुलं बिचारी घाबरून वह्यांत डोकं घालून बसली. त्यांचा काही दोष नव्हता.

हे लांब जाऊन ऐकणं खरं म्हणजे दादाचंही नाही आणि माझंही नाही. ते पीटर अंकलचं. पीटर अंकल रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, कसाऱ्याला स्टेशनच्या वरच्या अंगाला राहायचे. आमचे बाबा तिथेच रुळांच्या गँगमध्ये कामाला होते, त्यांच्या ओळखीने आम्ही दोघं भावंडं रविवारी अंकलकडे गिटार शिकायला जायचो. गिटार एकच, त्यांची. एक तास दादा, एक तास मी. त्यांच्याकडे कोपऱ्यात असलंच एक मशीन होतं, राखाडी पत्र्याची पेटी, पुढे चार बटणं, मागे जाळी. जाळीच्या आत काचेचे वॉल्व्ह. बटण दाबलं की आधी काहीच व्हायचं नाही. मग काचेच्या पोटात तार हळूहळू लाल व्हायची, तापलेल्या धुळीचा करपट वास सुटायचा, आणि खोलीभर एक बारीक घुमारा भरायचा. तो घुमारा मला अजून आवडतो. चिडले आहे म्हणून खोटं कशाला बोलू?

अंकल वाजवायला लागले की आम्ही पेटीला कान लावायचो. ते ओरडायचे, "अरे पास से क्या सुनता है? दूर जा, दूर! सिग्नलपर्यंत जा." आम्ही धावत खाली सिग्नलच्या खांबापर्यंत जायचो आणि तिथून ऐकायचो. तिथे आवाज वेगळाच यायचा. खर्ज वाटेतच कुठेतरी विरून जायचा, वरचे सूर मात्र लख्ख यायचे किंवा येता येता चिरकायचे. मशीनचा खरा स्वभाव तिथे कळायचा. मग अंकल म्हणायचे, "अब तू बजा, मैं जाता." आणि ते, साठी उलटलेला माणूस, काठी घेऊन सिग्नलपर्यंत जायचे. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने जायचं, मग उलट. पाळीपाळीने. हा त्यांचा नियम होता आणि त्यात पाळी हा शब्द सगळ्यांत महत्त्वाचा होता. ठाण्याच्या त्या चष्मेवाल्याला दादाने बाकी सगळं सांगितलं, तेवढं गाळलं.

शहापूरला बाजाराच्या मागे बाबूशेठ मंडपवाल्यांचं गोडाऊन होतं. सीझनच्या आधी, जयंतीला आठ-दहा दिवस असताना, तालुक्यातले गिटारवाले तिथे जमायचे. शेठ भाड्याने द्यायची वॉल्व्हची मशीनं बाहेर काढायचे, धूळ झटकायचे आणि म्हणायचे, "निवडा काय ती. एकदा नेलं की सीझनभर बदलून मिळायचं नाय." गोडाऊनच्या मागे माहुलीच्या डोंगराकडे तोंड केलेली उघडी शेतं होती. ओट्यावर मशीनं मांडली जायची, समोर कर्णे, आणि मग दिवसभर नुसता कल्ला.

त्या माणसांवर माझा राग नाही, हे सांगून टाकते. फार मजेशीर माणसं होती. खर्डीच्या एकाला आवाज धुतल्यासारखा स्वच्छ लागायचा, जरा खरखरला की तो कानांवर हात ठेवायचा. धसईचा होता त्याला उलट, तार जोरात ओढली की मशीनने फाटलं पाहिजे. "गुरकावला पायजे मशीन," तो म्हणायचा, "नायतर रेडिओच आणतो ना मी." किन्हवलीचा एक पत्र्यावर तळहात ठेवून निवडायचा. जे मशीन लवकर तापतं ते लवकर दमतं, असं त्याचं म्हणणं. आणि एक गोष्ट त्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हती, मलाही पुढे बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला कळली. त्या मशीनांच्या गोडव्यात निम्मा वाटा आमच्या गावांतल्या मरतुकड्या व्होल्टेजचा होता. वीज कमी आली की वॉल्व्ह जरा मऊ वाजतात. तेच मशीन एकदा कल्याणला नेलं तर असलं कर्कश वाजलं की दादा दोन दिवस मशीनशी भांडत होता.

तर निवड अशी चालायची: एक जण वाजवणार, दुसरा बांधावरून चालत शेताच्या टोकाला जाणार, ऐकणार, परत येणार, मग पुढचा. धसईचा जाडजूड माणूस. तो धापा टाकत यायचा आणि सगळे त्याला हसायचे. पण जायचा. स्वतःचं मशीन स्वतःच्या कानांनी लांबून ऐकायचं हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं. एकटा माझा दादा ओट्यावर पाय हलवत बसायचा. त्याला कधी जावं लागलं नाही. त्याच्याकडे मी होते.

"सुजाचा कान लय भारी हाय," दादा चारचौघांत सांगायचा. मी फुलून जायचे. आता त्या मुलीला खांदे धरून हलवावंसं वाटतं. एकोणीस वर्षांची, बारावी होऊन बी.एस्सी.ला गेलेली, बरी शिकलेली, आणि कौतुकाचे दोन शब्द ऐकून टळटळीत दुपारी शेतं तुडवत निघायची. आमच्या खुणा ठरलेल्या होत्या. ओढणी एका हातात उंच धरली की खर्ज कमी कर. दोन्ही हातांनी ताणली की वरचे सूर वाढव. डोक्यावर घेतली की झालं, असंच राहू दे. ओट्यावरून दादा बटणं फिरवायचा आणि माझ्याकडे बघायचा. बाकीचे गिटारवाले कौतुकाने म्हणायचे की तुझं बरं आहे बाबा, घरचाच कान आहे.

हळूहळू तेही मला पाठवायला लागले. "सुजाबाय, माझं पण जरा आयकून ये ना." त्या वर्षी शहापूर तालुक्यातल्या निम्म्याअधिक गिटारवाल्यांची आवडती मशीनं मी निवडलेली होती. मी गिटार वाजवते हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं.

वाजवत होते मी. चांगलं वाजवत होते. हे मी सांगायला नको, पण दुसरं कुणी सांगणार नाही म्हणून सांगते. दादा पार्टीच्या कामाला बाहेर पडला की मी गिटार काढायचे. आई चुलीपाशी बसून ऐकायची. तिला सुरांतलं कळायचं नाही पण एकदा म्हणाली, "तुझा हात नाय अडकत. त्याचा अडकतो." दादाने ते दारातून ऐकलं होतं. हसला होता. त्या रात्री जेवताना म्हणाला, "सीझनच्या लास्ट कार्यक्रमाला तू वाजव. मी बँजो घेतो. दोन गानी तुझी."

मग काय विचारता! आख्खा सीझन मी त्या दोन गाण्यांवर काढला. जयंतीला विहारापुढच्या कार्यक्रमात मी शेवटच्या रांगेच्याही मागे, पिंपळापाशी उभी राहून ओढणी हलवली, राग आला नाही. बुद्धपौर्णिमेला खिरीच्या ओळीत उभं राहायचं सोडून नदीच्या काठापर्यंत गेले, राग आला नाही. सगळे खीर खाऊन मोकळे झाले तेव्हा मी परतले. पातेलं खरवडून झालं होतं. दादा म्हणाला, "आवाज कसला लागला गो आज!" मला वाटलं, बस, आणखी चार कार्यक्रम. बोटांची टोकं दगडासारखी झाली होती. मैत्रीण हात हातात घेऊन म्हणाली, हे काय, तू काय खडी फोडतेस? मला त्या हातांचा काय गर्व होता!

शेवटचा कार्यक्रम आमच्या आतेभावाच्या लग्नाचा होता, मुरबाडच्या पुढे, सरळगावच्या बाजूला. सकाळी लग्न लागलं, जेवणं झाली, आणि चारच्या सुमाराला गाण्यांची तयारी. मी आईची मोरपंखी साडी नेसले होते. आत्याने विचारलंसुद्धा, आज तुझं काही आहे का? मी म्हटलं, आहे.

मांडवात दादा मशीनपुढे उकिडवा बसला होता. वायरी जोडून झाल्या होत्या, वॉल्व्ह तापत होते, घुमारा सुरू झाला होता. मी त्याच्या शेजारी जाऊन वाकले. माझे शब्द मला जसेच्या तसे आठवतात, कारण नंतर मी ते हजारदा म्हटले आहेत. मी म्हटलं, "दादा, आज मी वाजवणार आहे ना? तू म्हणाला होतास, लास्टला मी." त्याने वर बघितलं नाही. एक बटण फिरवलं. मग म्हणाला, "पयले लांब जाऊन आयक. त्या पान्याच्या टाकीपाशी जा. जा लवकर, टाइम नाय."

गेले. साडी खोचून, चपला हातात घेऊन गेले. टाकी लांब होती, वाटेत दोन बांध आणि एक कोरडा ओहोळ. मनात म्हणत होते, ऐकून येते, मग गिटार घेते. टाकीपाशी पोचून वळले आणि सूर आला. माझ्या गाण्याचा सुरुवातीचा तुकडा. मला क्षणभर वाटलं दादा मशीन लावायला म्हणून वाजवतोय. मग ढोलकी आली. मग गाणारे आले. मांडवात एक टी-शर्टवाला उभा होता, नंतर कळलं, नवरीच्या भावाचा दोस्त, कल्याणचा, नितीन की काय त्याचं नाव. गिटार त्याच्या गळ्यात होती. दादा बँजो घेऊन बसला होता. कबूल केल्याप्रमाणे.

तो काही वाईट वाजवत नव्हता. साधारण वाजवत होता, दुसऱ्या कडव्यात अडखळला. आणि दादाने मान वर करून टाकीकडे बघितलं. माझ्या खुणेची वाट बघत होता.

मी इथे काय केलं ते लिहायला मला इतकी वर्षं लागली. खर्ज जरासा जास्त होता. मी पदर एका हातात उंच धरला. त्याने बटण फिरवलं. आवाज बरोबर लागला. मी पदर डोक्यावर घेतला. म्हणजे झालं, असंच राहू दे. त्या माणसावर मी जितकी चिडले आहे त्याच्या दुप्पट त्या पदरावर चिडले आहे. दगड भिरकावायचा होता. बोंब मारायची होती. निदान खोटी खूण करून त्याचं मशीन बेसूर करायचं होतं. पण आवाज चुकीचा लागलेला मला सहन होत नाही. तो माझा रोग आहे आणि दादाला तो रोग नेमका ठाऊक होता.

घरी आल्यावर आईपुढे रडले. आई म्हणाली, "त्याला आयकू नाय आलं गो. मशीन केवढं घुमत व्हतं. तो काय मुद्दाम करल?" मी ते धरून ठेवलं. घुमारा होता, हे खरं. वाकून मी हळूच बोलले होते, हेही खरं. पाहुण्यांची गडबड होती. त्याला ऐकू आलं नसेल. नंतर तो कल्याणचा पाहुणा पुढे आला असेल, दादाला नाही म्हणता आलं नसेल. अशी मी त्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडली, स्वतःपुढे, वर्षानुवर्षं. गिटारला मी परत हात लावला नाही. शिकले, नोकरी लागली, लग्न होऊन मुरबाडला आले. राखीपौर्णिमेला जात राहिले. त्याच्या हातावर राखी बांधताना मला त्याची बोटं दिसायची, टोकं कडक झालेली. माझी तोवर मऊ पडली होती. खडू धरून बोटं कडक होत नाहीत.

लोक विचारतात, मॅडम, तुम्हाला एवढा राग कशाचा येतो? वर्गात बाक ओढला तरी येतो, मान्य आहे. हळदीच्या मांडवात काकवा, वहिन्या, पोरी सगळ्या नाचतात, भाकऱ्या बडवतात, पाणी भरतात आणि वाजवायला बसतात ते सगळे बाप्ये. ते बघून येतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुली नाचणार आणि मुलगे वाद्यं वाजवणार असं कुणी न ठरवताच ठरतं, तेव्हा येतो. मागच्या वर्षी मी आठवीतल्या एका मुलीला ढोलकीवर बसवलं. तिच्या आईने येऊन विचारलं, "मॅडम, पोरगी वाजवते ते ठीक, पन नाचात का नाय घेतली?" आता हिला काय सांगावं!

तो व्हिडिओ आला त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. मला वाटलं व्हिडिओबद्दल बोलेल. त्याने आधी तब्येत विचारली, माझ्या मुलीचे पेपर कसे गेले ते विचारलं. मग आवाज खाली आणला.

"सुजा, रविवारी येतंस का गो शहापूरला? एकटीच ये."

"काय झालं?"

"काय नाय. एका मंडळाच्या पोरांनी तीन जुनी वॉल्व्हची मशीनं दुरुस्त करून आनलीत. वॉल्व्ह टाकले नवे. त्यातला एक निवडून द्या म्हनतात मला. तो व्हिडिओ बघितला ना त्यांनी."

"मग दे की निवडून."

त्याने तिकडे दार लावून घेतल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "माझे कान गेले गो. इतकी वर्सं कर्ण्याखाली बसलो. वरचे सूर लागतच नायत. झांज तर आयकूच येत नाय. कोनाला बोललो नाय अजून. वैनीला पन पुरतं ठाऊक नाय."

मी फोन ठेवून दिला. मग स्वयंपाकघरात जाऊन एक पातेलं आपटलं. महाराष्ट्रभरची माणसं ज्याच्या कानाला नमस्कार करतायत त्याला झांज ऐकू येत नाही, आणि त्याला परत तीच ओढणी हवी आहे! जायचं नाही, असं मी चार दिवस ठरवत होते. रविवारी सकाळी एस.टी.त बसले. खरं कारण सांगायचं तर मला त्या वॉल्व्हच्या मशीनजवळ एकदा बसायचं होतं. वाजवणाऱ्याच्या बाजूने.

किन्हवली गेली, राबाच्या धुराने खिडकीतून डोळे चुरचुरले. दादाचं घर आता शहापूरच्या जरा बाहेर आहे, मागे थोडी शेती, पलीकडे वीटभट्टी. वहिनीने चहा दिला, मग ती बाजाराला गेली. मंडळाची मुलं दुपारी येणार होती. मागच्या ओट्यावर तीन मशीनं मांडून ठेवलेली, जाळ्या पुसलेल्या. दादाने एक चालू केलं. वॉल्व्ह लाल व्हायला लागले, आणि तोच करपट वास सुटला.

"तू जा भट्टीपाशी," दादा गिटार गळ्यात घालत म्हणाला. "मी वाजवतो. पयल्यासारखी खून कर."

"मी जाणार नाही."

"मग कसं कळल?"

"गिटार दे इकडे."

त्याने माझ्या ओठांकडे बघितलं. नीट ऐकू येत नाही म्हणून बघितलं, की त्याचा विश्वास बसला नाही म्हणून, कुणास ठाऊक. गिटार काढून दिली. मी पाट ओढून बसले आणि पहिली तार छेडली. बोट कापल्यासारखं दुखलं. हात पार मेला होता. पण तिसऱ्या-चौथ्या ओळीला कुठूनतरी परत आला, अडकत अडकत का होईना. मी तिन्ही मशीनांवर तोच तुकडा वाजवला, सरळगावच्या मांडवात मी वाजवणार होते तो. एकावर मऊ लागला. एकावर कोरडा. एकावर असा लागला की माझ्या अंगावर काटा आला आणि मी तो परत वाजवला, मग आणखी एकदा. दादा समोर बसून माझ्या बोटांकडे बघत होता. त्याला निम्मं ऐकू येत नव्हतं तरी त्याला कुठला तुकडा ते कळलं होतं. चेहऱ्यावरून दिसत होतं.

मी गिटारवर हात ठेवून ती थांबवली. घुमारा तेवढा राहिला. मला भांडायचं नव्हतं. खरंच नव्हतं. मला त्याला सोडवायचं होतं, एकदाचं मोकळं करायचं होतं. मी मोठ्याने, त्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "दादा, सरळगावच्या त्या दिवशी तुला माझं ऐकू आलं नव्हतं ना. मशीनमुळे. मला ठाऊक आहे. म्हणून तर मी कधी काही बोलले नाही."

त्याने मशीनचं बटण फिरवून घुमारा कमी केला.

"आयकलं व्हतं गो," तो म्हणाला. "सगलं आयकलं व्हतं. कान चांगले व्हते तवा."

"मग?"

"मग काय? तू वाजवाय बसली असतीस, तर लांब कोन गेलं असतं?"

त्याच्या आवाजात ना लाज होती, ना खोडसाळपणा. अगदी साधा प्रश्न होता, आणि मीही मान डोलवून 'हो रे, तेही खरंच' म्हणेन अशी त्याची अपेक्षा होती. माझ्या हातून इतकी वर्षं त्याच्यासाठी जपून ठेवलेली सबब गळून पडली, आणि तिच्याखाली जो राग निघाला तो नवाकोरा होता.

मी गिटार पाटावर ठेवली. साडी झटकली, पर्स घेतली.

"सुजा, निगालीस कुटं? पोरं येतील आता. कंचा त्यातला? पयला का मधला?"

तिन्हींतलं चांगलं कुठलं ते मला पहिल्या फेरीतच कळलं होतं. मी त्याला ते सांगितलं नाही. त्यानंतर त्याचे पाच फोन आले. अजूनही सांगितलेलं नाही.